टेबल नसलेला संगणक

२००७ सालच्या ऑक्टोबरात रायगड जिल्ह्यातल्या खैराट-धनगरवाडा या वस्तीवरच्या शाळेत हिरव्या-पांढऱ्या रंगाचे छोटे लॅपटॉप आले. एक खोली, एक शिक्षक, पहिली ते चौथीची मिळून जेमतेम वीस-बावीस मुले. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या अमेरिकी उपक्रमाचा भारतातला हा पहिला प्रयोग. त्या काळी बातम्यांत चर्चा होती ती किमतीची. ‘शंभर डॉलरचा लॅपटॉप’ हेच त्याचे नाव पडले होते, जरी प्रत्यक्षात तो कधीच शंभर डॉलरला मिळाला नाही आणि सुरुवातीला दोनशेच्या घरात पडला. वाळवंटात चालणारा, उन्हात वाचता येणारा, पडला तरी न फुटणारा, अशी त्याची वर्णने छापून आली.

खरे धाडस मात्र आतल्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये होते. तिचे नाव शुगर. तळाशी लिनक्स (फेडोरा) असले, तरी लिनक्सवर हात बसलेला माणूसही ती पाहून गोंधळला असता. डेस्कटॉप नाही, फोल्डर नाही, कचऱ्याची टोपली नाही, ‘सेव्ह’चे बटण नाही. गेल्या पन्नास वर्षांत पर्यायी ऑपरेटिंग सिस्टीमी डझनांनी आल्या. बहुतेकींनी विंडोज किंवा मॅकचेच काम अधिक वेगाने, स्वस्तात किंवा मोकळेपणाने करून दाखवायचा प्रयत्न केला. संगणक कोणासाठी आहे, हा प्रश्नच नव्याने विचारणाऱ्या फार थोड्या. शुगर त्यांतली. ती लाखो मुलांपर्यंत पोचली आणि तरीही हरली. का हरली, याचे उत्तर मला तिच्या रचनेइतकेच तिच्या गिऱ्हाइकात सापडते.

आपल्या पडद्यावरचे हे टेबल आले कुठून, ते आधी पाहायला हवे. कॅलिफोर्नियात पालो आल्टो इथे झेरॉक्स कंपनीची संशोधन प्रयोगशाळा होती. तिथे अ‍ॅलन के नावाच्या संशोधकाने १९७२ साली एक निबंध लिहिला. विषय होता मुलांचा संगणक. वहीएवढा, काखेत मारून नेता येईल असा, ज्यावर मूल वाचेल, चित्र काढेल, सूर जुळवेल आणि स्वतःचे प्रोग्राम लिहील. त्याला त्याने ‘डायनाबुक’ म्हटले. ते यंत्र तेव्हा बनवणे शक्यच नव्हते. त्याची तात्पुरती सोय म्हणून १९७३मध्ये ‘आल्टो’ हा संगणक तयार झाला. त्यावर केच्या गटाने ‘स्मॉलटॉक’ ही भाषा रचली आणि गावातल्या शाळकरी मुलांना बोलावून ती शिकवली. एकावर एक सरकणाऱ्या खिडक्या याच कामातून पुढे आल्या.

पण झेरॉक्सचा धंदा होता कचेऱ्यांना फोटोकॉपी यंत्रे देण्याचा. तेव्हा १९८१मध्ये या संशोधनाचा माल बाजारात आला तो ‘स्टार’ या नावाने, कचेरीसाठी. पडद्यावर कागद, फोल्डर, फायलींचे कपाट, येणाऱ्या-जाणाऱ्या टपालाचे ट्रे. कारकुनाला ओळखीचे वाटावे म्हणून कारकुनाचे टेबल. १९८४मध्ये अ‍ॅपलच्या मॅकिन्टॉशने ते घराघरांत नेले, विंडोजने जगभर. मुलांचा विचार करता करता सुचलेली गोष्ट कचेरीने उचलली आणि पुढच्या तीन-चार पिढ्यांच्या मुलांना शाळेच्या संगणक कक्षात पहिला धडा मिळाला तो ‘न्यू फोल्डर’चा. ज्या मुलाने जन्मात फायलींचे कपाट पाहिलेले नाही, त्याला.

शुगरच्या मागे असलेली माणसे याच वंशावळीतली. सीमूर पॅपर्ट हे गणितज्ञ. १९६७ साली सहकाऱ्यांबरोबर त्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही भाषा तयार केली. पडद्यावरचे कासव ‘पुढे ५०, उजवीकडे ९०’ अशा आज्ञांवर चालते आणि मूल भूमिती शिकते. १९८०च्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या पुस्तकात त्यांनी मांडलेला मुद्दा सरळ होता: संगणकाने मुलाला घडवण्याऐवजी मुलाने संगणकाकडून काही घडवून घ्यावे. १९८२मध्ये सेनेगलची राजधानी डाकार इथे अ‍ॅपल संगणक नेऊन त्यांनी आणि निकोलस नेग्रोपॉन्टे यांनी हा विचार गरीब देशात करून पाहिला होता. पुढे एमआयटीची मीडिया लॅब उभी करणारे नेग्रोपॉन्टे जानेवारी २००५मध्ये डाव्होसला शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना घेऊन उभे राहिले. त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्युनिस इथे संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान यांच्यासोबत त्यांनी नमुना दाखवला. त्याला वीज तयार करणारा पिवळा दांडा होता. छायाचित्रांत दांडा फार देखणा दिसला; अंतिम यंत्रात तो गायब झाला.

अ‍ॅपलने आपली मॅक ओएस फुकट देऊ केली होती, असे तेव्हा वृत्तपत्रांत आले. ती नाकारली गेली, कारण तिचा सोर्स कोड खुला नव्हता. मुलाला यंत्र उघडून आत पाहता आले पाहिजे, ही अट होती. पैशाचा प्रश्न असता तर गोष्ट तिथेच संपली असती.

रेड हॅट या लिनक्स कंपनीचे प्रोग्रामर, मीडिया लॅबचे वॉल्टर बेंडर आणि पेंटाग्राम या डिझाइन संस्थेच्या लिसा स्ट्रॉसफेल्ड यांच्या गटाने मिळून शुगर रचली. आजही ती पेनड्राइव्हवर घेऊन जुन्या लॅपटॉपवर चालवता येते. मी तशीच चालवून पाहिली, त्यामुळे पुढचे वर्णन ऐकीव नाही.

सुरू होताच ती विचारते: तुझे नाव काय, आणि तुझा रंग कोणता. पासवर्ड नाही, ईमेल नाही. मग पडद्याच्या मधोमध एक माणूस येतो. एक्सच्या फुलीवर ओचा गोल ठेवलेला. गोल हे डोके, फुली हे हातपाय. त्याच्या भोवती कडे करून कामांची चिन्हे असतात: लिहिणे, रंगवणे, कासव, गप्पा, ध्वनिमुद्रण. त्यांना प्रोग्राम म्हणत नाहीत, ‘अ‍ॅक्टिव्हिटी’ म्हणतात. एक उघडली की ती पूर्ण पडदा व्यापते. खिडक्यांची खिचडी नाही. हाच माणूस लॅपटॉपच्या झाकणावरही असे, चारशे रंगजोड्यांपैकी एकीत, म्हणजे वर्गात कोणाचे यंत्र कोणते ते लांबूनच कळावे.

कीबोर्डच्या वरच्या ओळीत चार खास कळा. त्यांनी मूल जवळून लांब जात पाहते. आधी हातातले काम, मग आपले घर, मग आपले मित्र, मग सगळी आळी. आळीच्या पडद्यावर आसपासचे सगळे लॅपटॉप माणसांच्या रूपात दिसतात. कोणी चित्र काढत असेल तर त्याच्या भोवती ते चित्राचे चिन्ह. त्यावर टिचकी मारली की तुम्ही त्याच्या चित्रात सामील. यासाठी इंटरनेट लागत नसे, लॅपटॉप एकमेकांशी थेट बोलत. दोन ससेकानी अँटेना त्यासाठीच होते. या मांडणीतली माझी सर्वात आवडती अ‍ॅक्टिव्हिटी म्हणजे ‘डिस्टन्स’. दोन मुलांनी आपापले लॅपटॉप घेऊन दूर उभे राहायचे. एक यंत्र आवाज करते, दुसरे ऐकते, आणि ध्वनीला लागलेल्या वेळावरून दोघांमधले अंतर पडद्यावर येते. ध्वनीचा वेग हा धडा पटांगणात.

फायलींच्या जागी ‘जर्नल’. म्हणजे रोजनिशी. काही साठवावे लागत नाही, नाव द्यावे लागत नाही. जे केले ते वेळेच्या क्रमाने आपोआप लिहिले जाते. काल काय केले, परवा कोणाबरोबर केले, तेही. आणि शेवटी सगळ्यात बंडखोर कळ: ‘व्ह्यू सोर्स’. चालू अ‍ॅक्टिव्हिटीत ती दाबली की तिचा पायथन भाषेतला मजकूर समोर येतो. बदलून पाहा, मोडून पाहा. पायथन निवडली तीही वाचायला सोपी म्हणून. मोडले तरी बाकीचे शाबूत राहावे म्हणून इव्हान क्रस्टिच या तरुणाने ‘बिटफ्रॉस्ट’ ही सुरक्षारचना आखली. प्रत्येक अ‍ॅक्टिव्हिटी आपापल्या कोंडाळ्यात. कॅमेरा किंवा माइक हवा असेल तर त्याचा हक्क वेगळा.

हे सगळे चालवायला यंत्र कोणते? ४३३ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, २५६ एमबी मेमरी, १ जीबी साठवण. २००७ सालीही हे तुटपुंजेच होते. पायथन वाचायला सोपी असली तरी चालायला हळू, त्यामुळे चिन्हावर टिचकी मारून मूल वाट पाहत बसे. कंटाळून पुन्हा टिचकी मारी आणि तीच अ‍ॅक्टिव्हिटी दोनदा उघडे. वर्गात सगळ्यांनी एकदम लॅपटॉप सुरू केले की थेट बोलणारे ते जाळे गुदमरत असे. म्हणजे ज्या प्रसंगासाठी ते बनवले होते, नेमक्या त्याच प्रसंगी. आणि जर्नल! आपोआप साठवते म्हणजे सगळेच साठवते. महिनाभरात ‘राइट अ‍ॅक्टिव्हिटी’, ‘राइट अ‍ॅक्टिव्हिटी’, ‘पेंट अ‍ॅक्टिव्हिटी’ अशा एकसारख्या नोंदींची रांग लागे आणि गेल्या आठवड्यातले घराचे चित्र त्यांत सापडत नसे. १ जीबी भरायलाही वेळ लागत नसे. पुढच्या आवृत्त्यांत नाव विचारण्याची सोय करावी लागली. कारकुनाचे फोल्डर अगदीच बिनकामाचे नव्हते, हे रचनाकारांनी असे उशिरा मान्य केले.

तरी या दोषांनी शुगर पडली असे मला वाटत नाही. पहिली विंडोज काही बरी नव्हती. दोष दूर करायला वेळ लागतो आणि वेळ देणारा गिऱ्हाईक लागतो. शुगरचा वापरकर्ता होता सात वर्षांचा. तिचे गिऱ्हाईक होते शिक्षणमंत्री. ही यंत्रे दुकानात विकायची नव्हती, सरकारांनी लाखांच्या हिशेबात घ्यायची होती. मंत्र्याला आळीचा पडदा दाखवला तर तो विचारी, यावर वर्ड चालते का? मुले पुढे नोकरीला लागणार ती विंडोजच्या कचेरीत, मग हे खेळणे कशाला?

भारताने तर आधीच नकार दिला होता. २००६मध्ये तेव्हाचे शिक्षण सचिव सुदीप बॅनर्जी यांनी नियोजन आयोगाला कळवले की चमकदार साधनांपेक्षा वर्गखोल्या आणि शिक्षक यांची गरज अधिक निकडीची आहे. या कल्पनेचा शैक्षणिक पायाच त्यांना शंकास्पद वाटत होता. अनेकांनी त्यांना जुनाट ठरवले. मला त्यांचे म्हणणे तेव्हाही वजनदार वाटले होते. गंमत अशी की पाचच वर्षांत त्याच मंत्रालयाने ‘आकाश’ हा स्वस्त टॅब्लेट वाजतगाजत आणला. त्यात अँड्रॉइड होते, शैक्षणिक कल्पना कोणती होती ते शोधावे लागेल. सरकारच्या नकारामुळे खैराट हा एका वस्तीचा प्रयोग राहिला, धोरण झाले नाही.

मे २००८मध्ये उपक्रमाने मायक्रोसॉफ्टशी करार जाहीर केला: या लॅपटॉपवर विंडोज एक्सपीही चालेल. नेग्रोपॉन्टे यांचा युक्तिवाद होता की मुलांच्या हाती यंत्र पोचणे महत्त्वाचे, आत काय आहे हे दुय्यम. बेंडर एप्रिलमध्येच बाहेर पडले होते, क्रस्टिचही गेले. बेंडर यांनी ‘शुगर लॅब्ज’ ही वेगळी संघटना काढली आणि शुगरला त्या एका हिरव्या यंत्रापासून सोडवले. एकाला यंत्र वाटायचे होते, दुसऱ्याला विचार. दोघांनी आपापली वाट धरली आणि दोन्ही वाटा अरुंद झाल्या.

पेरूने आठ लाखांहून अधिक यंत्रे घेतली. बरीच डोंगरातल्या, इंटरनेट नसलेल्या शाळांत गेली. २०१२मध्ये इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेने ३१९ शाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. संगणकांचे प्रमाण दर विद्यार्थ्यामागे ०.१२ होते ते १.१८ झाले, गणित आणि भाषा यांच्या गुणांत मात्र काही फरक नाही. तर्काच्या चाचणीत थोडी वाढ दिसली, पण मथळ्यांत पहिलाच निष्कर्ष राहिला. या निकालाचा शुगरशी संबंध किती? मला वाटते, फार थोडा. ज्या शिक्षकाला यंत्राचे काय करायचे ते कोणी नीट सांगितले नाही, त्याच्या वर्गात कोणतीही ऑपरेटिंग सिस्टीम पेटीतच राहते.

उरुग्वेची गोष्ट वेगळी. देश छोटा, जेमतेम तेहतीस-चौतीस लाख वस्तीचा. अध्यक्ष ताबारे वास्केस यांनी ‘प्लान सेइबाल’ हाती घेतला आणि मे २००७मध्ये विया कार्दाल या खेड्यापासून सुरुवात केली. ऑक्टोबर २००९पर्यंत सरकारी प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाच्या आणि शिक्षकाच्या हाती लॅपटॉप होता. नुसता लॅपटॉप नव्हे. शाळांत आणि गावच्या चौकांत वायफाय, दुरुस्तीची व्यवस्था, विद्यापीठातले विद्यार्थी मदतीला, आणि स्थानिक प्रोग्रामरांचा ‘सेइबाल-जॅम’ हा गट. या गटाने आपल्या देशाचा भूगोल शिकवणारी अ‍ॅक्टिव्हिटी केली. आणखी पुढे, शुगर वापरत वाढलेल्या काही शाळकरी पोरांनी तिच्यासाठीच अ‍ॅक्टिव्हिटी लिहायला घेतल्या. ‘व्ह्यू सोर्स’ची कळ कोणीतरी खरेच दाबली होती. पण २०१०मध्ये माध्यमिक शाळांसाठी नवी यंत्रे आली तेव्हा त्यांत शुगरच्या शेजारी ग्नोम हा नेहमीसारखा डेस्कटॉपही ठेवला गेला. मोठ्या मुलांना टेबल हवे, असे मोठ्यांनी ठरवले.

अंगीकाराची गोष्ट निघाली की आपल्याकडे केरळचे नाव घ्यावेच लागते, आणि ते शुगरच्या नेमके उलट्या बाजूला उभे आहे. तिथल्या ‘आयटी@स्कूल’ प्रकल्पाची सुरुवात २००१ची. पहिली पुस्तके आणि प्रशिक्षण मायक्रोसॉफ्टच्या चौकटीतले होते. त्याच वर्षी तिरुवनंतपुरमला भारतातल्या मुक्त सॉफ्टवेअर चळवळीची संस्था स्थापन झाली, आणि शिक्षक संघटनांनीही प्रश्न विचारायला सुरुवात केली. मग डेबियनवर आधारलेली, मल्याळम फॉन्ट आणि शालेय सॉफ्टवेअर आधीच घातलेली लिनक्स तयार झाली. शिक्षकांतूनच प्रशिक्षक तयार केले गेले. पाठ्यपुस्तके तिच्यावर लिहिली गेली आणि दहावीची आयटीची प्रात्यक्षिक परीक्षा तिच्यावरच होऊ लागली. २०१७मध्ये प्रकल्पाची ‘काइट’ ही सरकारी कंपनी झाली. २०१९मध्ये दोन लाख संगणकांसाठी नवी आवृत्ती काढताना परवान्यांचे ३,००० कोटी रुपये वाचल्याचा तिचा दावा होता. तो आकडा घाऊक सवलती धरल्या तर खाली येईल, पण दिशा खोटी नाही.

केरळच्या या सिस्टीममध्ये रचनेचे नावीन्य काहीच नाही. टेबल आहे, फोल्डर आहेत, टोपली आहे. टिकली ती परीक्षेमुळे आणि शिक्षकांमुळे. आपल्याकडे महाराष्ट्रातही हीच युक्ती चालली, फक्त दुसऱ्या बाजूने: एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सरकारी नोकरीसाठी आवश्यक ठरला, त्याच्या गाभ्याशी विंडोज आणि ऑफिस होते, आणि गावोगावच्या केंद्रांतून संगणक म्हणजे तेच हे एका पिढीच्या मनात पक्के झाले. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने लिनक्सचे धडे मराठीतही आणले. धडे चांगले आहेत. पण त्यांच्यामागे नोकरीची अट नाही.

आता खिशातला फोन काढून पाहा. अ‍ॅप पूर्ण पडदा व्यापते. सेव्ह करावे लागत नाही. फायली कुठे असतात हे बहुतेकांना ठाऊक नाही, अडतही नाही. प्रत्येक अ‍ॅप आपल्या कोंडाळ्यात; कॅमेरा हवा तर परवानगी विचारते. शुगरची पहिली यंत्रे कारखान्यातून निघाली त्याच २००७ साली आयफोन आला, आणि बिटफ्रॉस्ट आखणारे क्रस्टिच पुढे अ‍ॅपलच्याच सुरक्षा विभागात गेले. मुलांसाठी जे अवास्तव ठरले होते, ते मोठ्यांनी दहा वर्षांत निमूट स्वीकारले. पण अर्धेच. आळीचा पडदा आला नाही. शेजारच्या बाकावरच्या मित्राला चित्र पाठवायचे तर ते बहुतेक वेळा दूरच्या सर्व्हरवरून फिरून येते. आणि ‘व्ह्यू सोर्स’ची कळ कोणत्याच फोनला नाही. विकायला सोयीचे ते घेतले गेले. मुलाला लेखक मानणारी बाजू मागे राहिली, कारण तिच्यातून कोणाला काही विकता येत नाही.

त्या हिरव्या यंत्रांची निर्मिती कधीच थांबली. शुगर लॅब्ज चालू आहे. दर उन्हाळ्यात गूगलच्या उपक्रमातून जे विद्यार्थी तिच्यासाठी कोड लिहितात, त्यांत भारतीय अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुले पुष्कळ असतात. ठोकळे जोडून सूर रचायला शिकवणारी ‘म्युझिक ब्लॉक्स’ साध्या ब्राउझरमध्ये चालते. टॅब्लेटसाठी ‘शुगरायझर’ आहे. शाळेत अडगळीला पडलेले जुने लॅपटॉप असतील तर फेडोराची ‘शुगर ऑन अ स्टिक’ ही आवृत्ती पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावी. हार्डडिस्कला हात लावावा लागत नाही, विंडोज जागच्या जागी राहते. मुलांना फार शिकवायला जाऊ नये. फक्त जर्नलमधल्या नोंदींना पहिल्या दिवसापासून नावे द्यायला सांगावे, नाहीतर दिवाळीची चित्रे शिमग्यापर्यंत शोधत बसावे लागेल.